सेकिरोच्या सुरुवातीलाच अडलेल्यांसाठी

‘सेकिरो: शॅडोज डाय ट्वाइस’ २२ मार्च २०१९ रोजी आला आणि त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये वर्षातला सर्वोत्तम गेम ठरला. माझ्या ओळखीत तो घेतलेले बरेच जण आहेत, पुरा केलेले अगदी मोजके. बाकीचे कुठे थांबले असं विचारलं तर उत्तरं ठरलेली असतात. कुणी साखळदंडाने बांधलेल्या राक्षसापाशी, कुणी घोड्यावरच्या सरदारापाशी, कुणी गेनिचिरोपाशी. म्हणजे सगळे सुरुवातीच्या टप्प्यातच. मी मे महिन्याच्या अखेरीस तो हातात घेतला आणि गेनिचिरो पडला तेव्हा ऑगस्ट उजाडला होता. हे लिखाण तेवढ्याच काळाबद्दल आहे. कथेतल्या सुरुवातीच्या काही गोष्टी यात उघड होतात, तेवढं चालत नसेल तर इथेच थांबा.

मार खायची सवय मला होती. याच फ्रॉमसॉफ्टवेअरचा ‘एल्डन रिंग’ त्याआधी पूर्ण झाला होता. पण तिथे एखादा बॉस, म्हणजे वाट अडवणारा तगडा शत्रू, आवरत नसला की दुसरीकडे भटकायचं, रून्स म्हणजे लेव्हलसाठी लागणारं तिथलं चलन जमवायचं, चार लेव्हल वाढवायच्या, सोबतीला आत्मे बोलवायचे आणि मग परत त्याच्यापुढे उभं राहायचं, असा एक रस्ता असतो. सेकिरोत तो बंद आहे. इथे लेव्हल नाहीत, चिलखत बदलता येत नाही, मदतीला दुसरा खेळाडू बोलावता येत नाही, सोपं-अवघड निवडायचा पर्याय नाही. ताकद वाढते ती मुख्यतः दोन मार्गांनी. जपमाळेचे चार मणी जमले की जीव आणि पॉश्चर, म्हणजे तोल सांभाळायची ताकद, वाढतं. आणि मोठा बॉस मारला की त्याची ‘आठवण’ मिळते, ती खर्च करून वाराची ताकद वाढते. मणी बरेचसे मिनी-बॉसकडेच असतात. म्हणजे बॉसला हरवायला ताकद हवी, आणि ताकद हवी तर आधी बॉसला हरवा. हा चक्रव्यूह कळला त्या संध्याकाळी मी कंट्रोलर खाली ठेवून नुसती पडद्याकडे बघत बसले होते.

गेम सुरू होतो तेव्हा आपला शिनोबी, म्हणजे निन्जा, वुल्फ एका विहिरीच्या तळाशी हताश बसलेला असतो. हातात तलवारही नसते. लपतछपत कुरो या मुलापर्यंत पोहोचायचं, त्याच्याकडून तलवार घ्यायची, वाटेतले सैनिक आवरायचे आणि बाहेर पडायचं. बाहेर गवताच्या माळावर गेनिचिरो आशिना उभा असतो. त्याने मला काय होतंय ते कळायच्या आत आडवं केलं. तुम्ही त्या माळावर असाल तर एवढं लक्षात ठेवा: ती लढाई जिंकलात काय नि हरलात काय, वुल्फचा डावा हात जाणारच आहे. कथाच तशी आहे. तिथे रात्र घालवू नका.

जाग येते ती एका पडक्या मंदिरात. तिथला मूर्तिकार तुटलेल्या हाताच्या जागी यंत्राचा हात बसवून देतो. अंगणात हानबेई नावाचा एक अमर माणूस बसलेला असतो, त्याच्याशी कितीही वेळ सराव करता येतो. मी त्याच्याशी दोन शब्द बोलून पुढे निघाले. बहुतेक जण हेच करतात, कारण समोर छपरं दिसतात, दोर फेकून उडत जायची मजा असते आणि सराव कोण करत बसणार! हानबेईकडे आपण पुन्हा येणारच आहोत.

आता त्या पॉश्चरबद्दल, कारण सगळं गाडं तिथेच अडतं. प्रत्येक लढवय्याला दोन पट्ट्या असतात. एक जिवाची, ती ओळखीची. दुसरी पॉश्चरची, म्हणजे त्याचा तोल किती ढळला आहे त्याची. ही मधून दोन्ही बाजूंना पसरत जाते आणि पूर्ण भरली की समोरच्याच्या अंगावर लाल ठिपका चमकतो. त्या क्षणी वार केला की डेथब्लो, म्हणजे प्राणघातक घाव. जीव पूर्ण संपवायची गरजच नाही. समोरच्याचा वार नेमका येऊन भिडायच्या क्षणी ब्लॉकचं बटण दाबलं की तो डिफ्लेक्ट होतो आणि तोल त्याचा ढळतो. आपण लांब पळालो की मात्र त्याची पॉश्चरची पट्टी भराभर ओसरते आणि सगळी कमाई पाण्यात जाते. गेम हे सांगतो, नाही असं नाही. पण एका छोट्या चौकटीत वाचलेली गोष्ट बोटांपर्यंत पोहोचायला फार वेळ लागतो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी जनरल नाओमोरी कावाराडापुढे होते. आशिना, म्हणजे गेम घडतो तो मुलूख, त्याच्या वेशीवर वाट अडवून उभा असलेला हा पहिला दांडगा गडी. दोन्ही हातांनी तलवार उचलून असा हाणतो की पडदा हादरतो. एल्डन रिंगच्या सवयीने मी प्रत्येक वाराला लोळण घेत होते, मग मागून एक टोचा, मग पुन्हा पळापळ. त्याचा जीव थोडाथोडा उतरायचा आणि कधीतरी माझंच गणित चुकायचं. धाकटा भाऊ शेजारी बसून बघत होता. तो स्वतः गेम खेळत नाही. बराच वेळ बघून म्हणाला, “ताई, तू लांब गेलीस की त्याची वरची पिवळी पट्टी परत खाली येते, बघ ना.” मी म्हटलं, “तू गप्प बस रे.” पण पुढच्या खेपेला मी जागची हलले नाही.

तिथून पुढे ज्या गोष्टींनी फरक पडला त्या सांगते.

डिफ्लेक्टची वेळ साधताना डोकं शांत ठेवणारी एक गोष्ट या गेमच्या रचनेतच आहे. बटण लवकर दाबून धरलं तर वार ब्लॉक होतो. जीव जात नाही, फक्त आपलं पॉश्चर थोडं वाढतं. उशिरा दाबलं तर मात्र मार बसतो. तेव्हा शंका आली की लवकर दाबा. डिफ्लेक्ट अचूक बसत असतील तर आपलं पॉश्चर भरत आलं असलं तरी तोल तुटत नाही. आणि ब्लॉक धरून उभं राहिलं की आपलं पॉश्चर जास्त वेगाने ओसरतं. हे शेवटचं मला फार उशिरा कळलं. तोवर पट्टी भरली की मी बटण सोडून पळत होते. बटण सारखं बडवू नका. गेमला ते कळतं आणि अचूक डिफ्लेक्टची संधी उलट आकसते.

दुसरी गोष्ट कानांची. साध्या ब्लॉकचा आवाज बोथट, दबका. अचूक डिफ्लेक्टचा आवाज खणखणीत, आणि त्यासोबत ठिणग्यांचा मोठा फुलोरा. मजा अशी की आपला वार समोरच्याने तसाच खणखणीत परतवला तर तो इशारा असतो: आता पाळी त्याची. त्या आवाजाबरोबर वार थांबवून ब्लॉकवर बोट न्यायचं. कावाराडाशी चौथा-पाचवा वार होता होता ‘खण्ण’ झालं आणि मी न ठरवता थांबले, त्याचा वार आला, तोही खणखणला, मी पुन्हा सुरू. पहिल्यांदाच ती लढाई लढाईसारखी वाटली.

यासाठी आवाज वेळेवर यायला हवा. ब्लूटूथ इअरफोनवर तो किंचित मागे पडतो, तेव्हा तारेचे हेडफोन किंवा टीव्हीचे स्पीकर बरे. टीव्हीवर खेळत असाल तर सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड सुरू करा. चित्र सुंदर करण्याच्या नादात टीव्ही ते उशिरा दाखवतो, आणि इथे तेवढ्या उशिराने जीव जातो. मी हे दोन्ही बदल केले त्याच संध्याकाळी कावाराडा पडला. श्रेय किती टीव्हीचं आणि किती बोटांचं, ते सांगता यायचं नाही.

मग तो राक्षस.

साखळदंडाने बांधलेला ओगर जिन्याच्या माथ्यावर असतो. आत्ताच कुठे डिफ्लेक्टचं अंगवळणी पडायला लागलेलं असतं आणि हा भिडू सगळं उलटं करून टाकतो. याच्या हातात तलवार नाही. दोन्ही पाय उचलून लाथ घालतो, झेप घेऊन पकडतो, उचलून आपटतो. पकडीला ब्लॉक चालत नाही. वाराच्या आधी आपल्या डोक्यावर लाल चिन्ह चमकतं, ते या गेममधलं सगळ्यात महत्त्वाचं चिन्ह. त्याचे अर्थ तीन. समोरून भोसकणार असेल तर पुढे घुसून मिकिरी काउंटर, म्हणजे त्याच्या शस्त्रावर पाय देऊन ते जमिनीत दाबणं. पायाखालून झाडूसारखा वार असेल तर उडी. पकड असेल तर सरळ पळणं. ओगर पकडतो, म्हणून पळा. बाजूला छोटी उडी मारून भागत नाही, त्याचे हात दिसतात त्याहून लांब पोहोचतात.

माझा पूर्ण एक आठवडा या जिन्याने खाल्ला. हात घामेजायचे, अंगठा दुखायचा, आणि मेल्यानंतर पडद्यावर मृत्यूचं ते जपानी अक्षर उमटायचं तेव्हा चिडही यायची बंद झाली होती, नुसता थकवा. एका रात्री ठरवलं की हे आपल्याला झेपणारं नाही. मग चार दिवस हातच लावला नाही. परत आले ती गेम जिंकायला नव्हे, आजूबाजूला काय राहिलंय ते बघायला, आणि तिथेच वाट सापडली.

ओगरच्या अलीकडे काही सैनिक आपसात बोलत असतात. लपून त्यांचं बोलणं ऐकता येतं, आणि त्यांच्या बोलण्यात येतं की लाल डोळ्यांच्या या जीवांना आगीची भीती वाटते. या गेममध्ये कानावर पडलेलं असं बोलणं कधी वाया जात नाही. आता आग कुठून आणायची? त्याच भागात एका पडक्या घरात एक म्हातारी बसलेली असते. ती एक घंटी देते. ती मंदिरातल्या बुद्धमूर्तीपुढे अर्पण केली की वुल्फ हिराता इस्टेटच्या जुन्या आठवणीत पोहोचतो. तिथे एका शेकोटीत आगीचं नळकांडं सापडतं. ते आणून मूर्तिकाराकडे दिलं की तो यंत्राच्या हातात बसवून देतो. मधली पायरी विसरू नका, नुसतं सापडून ते वापरता येत नाही.

आग अंगावर गेली की ओगर थोडा वेळ भाजत लडखडतो आणि तेवढ्यात चार-सहा वार मोकळे मिळतात. सगळी लढाई याने सोपी होते असं नाही, पण श्वास घ्यायला जागा मिळते. याला रडीचा डाव म्हणणारेही आहेत. मला ते पटत नाही. गेमनेच सैनिकांच्या तोंडून सांगितलं, गेमनेच शेकोटीत ठेवलं, मग वापरायला लाज कसली?

जूनच्या अखेरीला ओगर संपला आणि मी हिशेबाकडे वळले, कारण तोवर माझी तिजोरी रिकामी होती. इथले नियम एखाद्या कचेरीतल्यासारखे आहेत आणि कुणी नीट सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मेलं की जवळचे निम्मे सेन, म्हणजे इथले पैसे, जातात. नवे डाव शिकायला कौशल्य-गुण लागतात, पुढच्या गुणाकडे झालेली निम्मी वाटचालही जाते. पूर्ण मिळालेला कौशल्य-गुण मात्र सुरक्षित असतो. तेव्हा पट्टी भरत आलेली असेल तर बॉसकडे जाण्याआधी ओळखीच्या सैनिकांची एक फेरी मारून तो गुण पदरात पाडून घ्या. सेनसाठी दुकानदारांकडे पैशांच्या थैल्या मिळतात. १०० सेनची थैली ११० सेनला पडते, पण थैलीतले पैसे मेल्यावर जात नाहीत. दहा टक्के जादा देऊन निम्मं वाचवायचं. यंत्राच्या हाताची अवजारं वापरायला कागदी आत्मचिन्हं लागतात. सुरुवातीला एका वेळी १५ जवळ ठेवता येतात, बाकीची साठ्यात पडतात आणि मूर्तीपाशी (वाटेत जागोजागी असलेल्या या छोट्या मूर्ती म्हणजे विसाव्याच्या आणि मेल्यावर परत येण्याच्या जागा) बसलं की साठ्यातून भरली जातात. साठा संपला की सेन देऊन घ्यावी लागतात, आणि पुढे पुढे त्यांचा भाव वाढतो. स्वस्त आहेत तोवर, हातात सुटे सेन असले की घेऊन टाका. एकाच बॉसवर डोकं आपटत राहिलं की चिन्हं संपतात आणि मग आग, फटाके काहीच हाताशी राहत नाही.

मेल्यावर काहीही न गमावण्याची एक शक्यता असते, तिला ‘अदृश्य साहाय्य’ म्हणूया. ती सुरुवातीला ३० टक्के असते. पण वारंवार मरत राहिलं की ड्रॅगनरॉट नावाचा रोग पसरतो, आजूबाजूची माणसं खोकू लागतात आणि ही टक्केवारी घसरते. मला पहिल्यांदा मूर्तिकाराचा खोकला ऐकून अपराधी वाटलं. माझ्या हरण्याने म्हातारा आजारी! पण घाबरू नका, या रोगाने कुणी मरत नाही. त्या माणसांची पुढची कामं तेवढी अडून राहतात. उपाय एमा नावाच्या वैद्य बाईकडे आहे. ती आधी रोग्याच्या रक्ताचा नमुना मागते. तो इनोसुकेकडून, घंटी देणाऱ्या म्हातारीच्या मुलाकडून, आणून द्यायचा, थोडं थांबायचं, मग ती ताईत देते. तो मिळाला की मूर्तीपाशी ‘ड्रॅगनच्या रक्ताचा थेंब’ वापरून सगळे एकदम बरे होतात. हे थेंब गेममध्ये मोजकेच आहेत. म्हणून अडलेला बॉस संपल्यावर वापरा. मध्येच वापरलात तर पुढच्या चार हारींत पुन्हा खोकला सुरू.

जुलैच्या सुरुवातीला मी हानबेईकडे परतले. कौशल्य-गुण जमले होते, त्यातून सगळ्यात आधी मिकिरी काउंटर घेतला होता. दुसरं काहीही आधी घेऊ नका, हे मी ठासून सांगेन. हानबेई तो डाव मागाल तितक्या वेळा करून दाखवायची संधी देतो. समोरून तलवार येताना तिच्याच दिशेने घुसायचं हे शरीराला पटतच नाही. बोट दरवेळी मागे ओढायचं. रोज खेळायला बसल्यावर पहिली दहा मिनिटं फक्त हानबेई, असा नेम केला. त्या दहा मिनिटांचा कंटाळा यायचा हे खरं. पण बॉसकडून शिकताना प्रत्येक चुकीला पुन्हा चालत जावं लागतं, तिथे उभ्या उभ्या शिकता येतं. आणि एक: हा गेम खरोखर पॉज होतो. फोन वाजला, दार वाजलं, खुशाल थांबवा.

वाटेत जनरल तेन्झेन यामाउची लागला. त्याला मी आधी आजूबाजूचे सैनिक एकेक करून टिपले आणि मग मागून गुपचूप गाठलं, त्यामुळे त्याला संपवायला लागणाऱ्या दोन डेथब्लोंपैकी एक लढाईआधीच झाला. नंतर दरीतला महाकाय साप. त्याच्याशी लढायचं नसतं, जीव मुठीत धरून लपत जायचं असतं. त्याबद्दल जास्त सांगून तुमची मजा घालवत नाही.

ग्योबू मासाताका ओनिवा हा घोड्यावरचा सरदार. किल्ल्याच्या दारासमोरच्या मोकळ्या मैदानात तो आपलं पूर्ण नाव गर्जत येतो आणि भाला गरगरा फिरवत अंगावर घोडा घालतो. याच्यासाठी फटाके हवेत. ते ५०० सेनला एका दुकानदाराकडे मिळतात, तेही मूर्तिकाराकडून बसवून घ्यायचे. फटाके वाजले की घोडा बिथरतो. दूर गेला की दोर टाकून थेट त्याच्या अंगावर झेपावता येतं. त्याच्यापासून लांब राहिलं की तो मैदानभर खेळवतो. घोड्याला चिकटून राहिलं की त्याचे वार कावाराडासारखेच मोजता येतात. ही लढाई मी हसत खेळले. पहिली ‘आठवण’ इथे मिळाली, वाराची ताकद एका पायरीने वाढली, आणि पुढचा जळत्या शिंगांचा बैल त्याच फटाक्यांनी आवरला.

हिराता इस्टेटच्या शेवटी लेडी बटरफ्लाय भेटते. ती आधीही गाठता येते आणि बरेच जण तिथेच रुतून बसतात. गेम सांगत नाही, पण तिला सोडून मागे फिरायला काहीच हरकत नाही. मी ग्योबूनंतर, वाढलेल्या ताकदीने गेले. ती तारांवर उभी राहून तरंगते तेव्हा शुरिकेन, म्हणजे धारदार चक्री, फेकली की खाली कोसळते. दुसऱ्या टप्प्यात मायावी आकृत्या उभ्या करते, त्या फोडायला एक प्रकारच्या बिया मिळतात. जुलैचा मध्य तिच्यापायी गेला. इतकंच.

आणि मग किल्ल्याच्या माथ्यावर गेनिचिरो. एक बरं आहे, जवळची मूर्ती कुरोच्या खोलीत आहे, तिथून रणांगण दोन पावलांवर. मेल्यावर लांबची पायपीट नाही.

इथे आधीचं सगळं एकत्र येतं. तो धनुष्य वापरतो, जवळूनही. सलग वारांची एक लांब माळ लावतो, ती पूर्ण डिफ्लेक्ट केली की त्याचं पॉश्चर जोरात चढतं. मला ज्याने सगळ्यात जास्त मारलं तो डाव असा: उंच झेप घेऊन वरून हाणतो, आणि तो वार परतवला की लगेच लाल चिन्ह. आता पुढे भोसकणं येईल किंवा पायाखालचा झाडू. चिन्ह तेच, आवाज तोच, आधीची झेपही तीच. उत्तरं मात्र दोन. चिन्हाकडे बघत राहिलं तर काहीच कळत नाही, त्याच्या तलवारीकडे बघावं लागतं. पातं मागे खेचून टोक आपल्याकडे रोखलं असेल तर घुसायचं. पातं बाजूला, खाली गेलं असेल तर उडी. मी काही दिवस जिंकायचा विचारच सोडून दिला. आत जायचं, वार करायचे नाहीत, फक्त डिफ्लेक्ट आणि ही दोन उत्तरं. मरायचं, परत जायचं. त्या दिवसांत थैल्या आधीच घेऊन ठेवल्या होत्या, त्यामुळे मरण्याची किंमत काही नव्हती. असं करताना एकदा लक्षात आलं की मी न ठरवता बराच वेळ जिवंत आहे आणि त्याची पट्टी नुसत्या डिफ्लेक्टने भरत आली आहे.

त्याच्या जिवाची पट्टी थोडी उतरवणं मात्र गरजेचं आहे. जीव कमी झाला की पॉश्चर हळू ओसरतं. म्हणून सुरुवातीला वार करून जीव उतरवायचा, मग तोल मोडायचा. आधी हानबेईकडे, मग कावाराडाकडे, मग इथे: शिकायचं तेच होतं, फक्त वेग वाढत गेला.

दोन डेथब्लोनंतर तो चिलखत उतरवून परत उठतो. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी अक्षरशः ओरडले, आणि आतल्या खोलीतून भावाने विचारलं, “मेलीस का परत?” आता तो वीज वापरतो. जमिनीवर असताना वीज लागली की खेळ जवळजवळ संपलाच. हवेत असताना लागली आणि पाय टेकायच्या आत वार केला, तर तीच वीज त्याच्यावर उलटते. वीज चमकताना उडी, अंगावर घ्यायची, लगेच हल्ल्याचं बटण. ऐकायला भयंकर, करायला त्याच्या झाडूपेक्षा सोपं, कारण तो वीज उचलताना भरपूर वेळ देतो. उलटलेली वीज त्याला थिजवते आणि तेवढ्यात जवळ जाऊन वार करता येतात.

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी तो पडला. माझ्या कुपीतलं औषध संपलं होतं, पुनर्जन्मही, म्हणजे मेल्यावर जागीच उठायची संधी, वापरून झाला होता. (कुपीत सुरुवातीला एकच घोट असतो. कुपीसाठीच्या वेगळ्या बिया सापडल्या की एमाला नेऊन द्या, ती घोट वाढवून देते. माझ्या पिशवीत एक बी कितीतरी दिवस पडून होती.) भावाला हाक मारली, तो येईपर्यंत दृश्य पुढे गेलेलं होतं. “बरं झालं,” म्हणाला आणि परत गेला.

सोपा पर्याय असायला हवा होता का? माझ्या मते असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं. ज्यांची बोटं तितकी चपळ नाहीत त्यांनी आशिनाचा किल्ला बघूच नये, हे काही मला मान्य नाही. मी स्वतः तो वापरला असता का, हा वेगळा प्रश्न. जिन्यावरच्या त्या आठवड्यात नक्कीच वापरला असता.

गेनिचिरोनंतरचं थोडं. २९ ऑक्टोबर २०२० च्या अपडेटपासून हरवलेल्या बॉसशी मूर्तीपाशी बसून पुन्हा लढता येतं, आणि त्यात काही गमवावं लागत नाही. पुढे अडलात तर आठवड्यातून एकदा गेनिचिरोकडे जाऊन या, हात कुठवर आलाय ते तिथे लगेच कळतं. सेनपो मंदिराच्या डोंगरावर एक मोठी घंटा आहे. ती वाजवली की बक्षिसं चांगली मिळतात, पण सगळे शत्रू आणखी कणखर होतात, आणि पिशवीत त्याची एक वस्तू येऊन पडते. कुतूहलाने वाजवून बसला असाल आणि अचानक सगळंच अवघड वाटायला लागलं असेल, तर पिशवी उघडा, ती वस्तू वापरून टाका. परिणाम लगेच उतरतो.